हिरकणीला कडा उतरावा लागू नये

रायगडाच्या हिरकणीची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कोजागरीच्या दिवशी गडावर दूध विकायला गेलेली ही गवळण कामात गुंतली, सूर्य मावळला आणि शिरस्त्याप्रमाणे गडाचे दरवाजे बंद झाले. पायथ्याच्या झोपडीत तिचे तान्हे लेकरू भुकेने रडत असणार. तिने पहारेकऱ्यांना विनवले, पण आज्ञा ती आज्ञा. अखेर ज्या कड्यावरून चढण्याचे धाडस शत्रूही करत नसे, तो कडा ही माउली अंधारात उतरली आणि तिने बाळाला पदराखाली घेतले. हे वृत्त कळल्यावर शिवछत्रपतींनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधवला. तोच हिरकणी बुरूज.

ही आख्यायिका सांगताना आपण मातेच्या धैर्यापाशी थांबतो आणि ते योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजूही विचार करण्याजोगी आहे. हिरकणीला कडा उतरावा लागला, कारण दरवाजा बंद होता. पहारेकरी दुष्ट नव्हते. ते आपले काम चोख करत होते. एका तान्ह्या बाळाची भूक त्यांच्या नियमात बसत नव्हती, एवढेच. आज आपल्या घरांत, रुग्णालयांत आणि कचेऱ्यांत नव्याने आई झालेल्या मुलीसमोर असेच काही दरवाजे बंद आहेत आणि त्यांच्यावर पहारा देणारे आपणच आहोत. मातेच्या दुधाचा महिमा गाणाऱ्या समाजाने या दरवाजांकडे एकदा पाहिले पाहिजे.

डबा मीच आणला

हा विषय पुरुषाने हाताळावा काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. काही वर्षांपूर्वी माझ्याही मनात आला असता. मुलीच्या बाळंतपणाने तो संकोच दूर केला.

शस्त्रक्रिया होऊन नात झाली होती. पहिला दिवस पेढे वाटण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बाळ वारंवार रडू लागले. तिसऱ्या रात्री तर रडणे थांबेना. खोलीत आम्ही पाच-सहा माणसे होतो आणि प्रत्येकाकडे एकेक निर्णय तयार होता. कोणी म्हणाले, दूधच उतरलेले नाही. कोणी म्हणाले, आमच्याकडे कोणालाच पुरेसे दूध नसते. कोणी म्हणाले, ऑपरेशन झाले की असेच होते. मुलगी टाक्यांच्या वेदनेने कण्हत होती. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या आणि बाळ जवळ घेताना ती दातांखाली ओठ दाबत होती. मध्यरात्री कर्तव्यावरच्या परिचारिकेने सहजपणे सुचवले, "वरचे दूध सुरू करा, म्हणजे सगळ्यांनाच झोप मिळेल." औषधांच्या दुकानात जाऊन डबा मीच आणला. नात पोटभर प्याली आणि झोपली. मुलगी मात्र भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. तिने एवढेच म्हटले, "बाबा, मला एवढंही जमलं नाही."

हे वाक्य मी अद्याप विसरू शकलेलो नाही. तीस वर्षे पत्रकारितेत काढलेल्या माणसाने डब्यावरचा मजकूर वाचला होता. बाळासाठी आईचे दूधच सर्वोत्तम, ही कायद्याने सक्तीची केलेली सूचना त्यावर ठळक अक्षरांत होती. ती वाचूनही मी पैसे मोजले, कारण त्या क्षणी दुसरा मार्ग सांगणारे तेथे कोणी नव्हते.

तो मार्ग दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीतील एक निवृत्त परिचारिका घेऊन आल्या. त्या भेटायला म्हणून आल्या होत्या. त्यांनी प्रथम खोलीतील गर्दी बाहेर काढली. मुलीच्या पाठीशी उशा लावल्या, टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला कुशीच्या बाजूने, काखेखालून धरायला शिकवले आणि त्याच्या तोंडाची पकड सुधारली. वीस मिनिटांत बाळाचे गिळणे ऐकू येऊ लागले. चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दूध भरून आले आणि डबा कपाटात गेला. ही कसली किमया नव्हती. एक जाणते माणूस योग्य वेळी बाळंतिणीजवळ बसले, इतकेच घडले होते.

दूध नव्हे, आधार कमी पडतो

त्या बाईंनी नंतर आम्हा सर्वांना समोर बसवून जे सांगितले, ते प्रत्येक घराला ठाऊक असावे असे आहे.

पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो थोडाच असतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात लहानशा चमच्याएवढेच मावते. रोगप्रतिकारक घटकांनी भरलेला हा चीक म्हणजे बाळाची पहिली लसच. भरपूर दूध येते ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. शस्त्रक्रियेनंतर किंवा पहिलटकरणीला किंचित उशिरा. या मधल्या काळात बाळाचे वजन थोडे घटते आणि दोन आठवड्यांच्या आत ते पुन्हा जन्मवजनावर येते. नेमक्या याच दिवसांत घरातील मंडळी घाबरतात आणि वरचे दूध सुरू होते.

दूध तयार होण्याचा नियम व्यापाराच्या उलट आहे. येथे साठा करून विक्री होत नाही. मागणी होईल तसा पुरवठा होतो. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूकडे निरोप जातो. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध तयार करते, तर ऑक्सिटोसिन ते वाहते करते. बाळ जितके अधिक ओढेल तितके दूध वाढते. म्हणूनच २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणे हे नवजात बाळाच्या बाबतीत स्वाभाविक आहे आणि रात्रीचे पाजणे तर विशेष महत्त्वाचे, कारण रात्री प्रोलॅक्टिन अधिक स्रवते. बाटलीने पोट भरलेले बाळ कमी ओढते, म्हणून दूध कमी तयार होते, म्हणून बाटली वाढते. 'दूध पुरत नाही' हे भाकीत अशा रीतीने आपणच खरे करून दाखवतो.

स्तनाग्र दुखणे आणि चिरणे याचे कारण बहुधा चुकीची पकड हेच असते. बाळाने केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही तोंडात घेतला पाहिजे. त्याचे तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले आणि कान, खांदा व कंबर एका रेषेत असावीत. आईने बाळाकडे वाकायचे नाही. बाळाला आपल्याकडे आणायचे. दूध दाटून स्तन दगडासारखे झाले, तर पाजण्यापूर्वी ओल्या फडक्याचा कोमट शेक द्यावा, थोडे दूध हाताने काढावे आणि मग बाळाला घ्यावे. पाजून झाल्यावर थंड घडी ठेवावी. ताप येऊन एखादा भाग लाल व दुखरा झाल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावे, परंतु पाजणे सहसा थांबवायचे नसते.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. बाळ थंडीने, ओल्या दुपट्याने किंवा नुसती ऊब हवी म्हणूनही रडते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत किमान सहा वेळा लघवी होते आहे आणि वजन वाढते आहे, तर दूध पुरते आहे, असे निश्चिंतपणे समजावे. याउलट बाळ मलूल पडले, ओढेनासे झाले, अंग तापले वा गार पडले, लघवी कमी झाली किंवा कावीळ पायांपर्यंत उतरली, तर घरगुती चर्चेत एक तासही न घालवता रुग्णालय गाठावे. क्वचित प्रसंगी वरचे दूध द्यावेही लागते. पण तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी घ्यायचा असतो, मध्यरात्री घाबरलेल्या आजोबांनी नव्हे.

परंपरेचा अभिमान आणि परंपरेची पारख

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा किती सूक्ष्म विचार केला होता, हे पाहिले की मन थक्क होते. बालरोगांसाठी कौमारभृत्य ही स्वतंत्र शाखा आयुर्वेदाच्या आठ अंगांत आहे आणि काश्यपसंहिता मुख्यतः त्याच विषयाला वाहिलेली आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात स्तन्य नाहीसे होण्याची कारणे सांगताना क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांचा उल्लेख केला आहे. आज संप्रेरकांचे शास्त्र हेच वेगळ्या भाषेत सांगते. भय, वेदना आणि अपमान यांनी ऑक्सिटोसिनचा प्रवाह अडतो, दूध असूनही वाहत नाही. बाळंतिणीच्या मनाला जपा, हा उपदेश केवळ भावनेचा नाही. तो शरीरशास्त्राचा आहे.

परंतु परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांवर तिची पारख करण्याची जबाबदारीही अधिक असते. चीक 'जड' किंवा 'शिळा' म्हणून पिळून टाकण्याची चाल आपल्याकडे अनेक घरांत होती, क्वचित अजूनही आढळते. गायीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या आपण स्वतःच्या बाळाच्या तोंडचा चीक काढून टाकावा, यासारखा विरोधाभास नाही. जातकर्मात मध-तूप चाटवण्याचा विधी आहे. आज बालरोगतज्ज्ञ सांगतात की, मधात असू शकणाऱ्या एका जिवाणूच्या बीजाणूंपासून वर्षाच्या आतील बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. तेव्हा संस्कार अवश्य करावा, मंत्र म्हणावेत, सोने बाळाच्या हाताला लावावे. मध मात्र मुखात घालू नये. गुटी, साखरेचे पाणी, ग्राइप वॉटर यांचेही तेच. पहिले सहा महिने आईचे दूध आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधे यांखेरीज काही नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको.

देशकालानुसार आचार बदलावा, ही आपल्याच धर्मपरंपरेची शिकवण आहे. जी आजी हे समजून घेऊन सहाण बाजूला ठेवते आणि सुनेच्या पाठीशी उशी ठेवते, ती परंपरा मोडत नाही. ती तिचा गाभा जपते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-मालीश या सर्वांत बाळंतिणीची काळजी आहे, ती जरूर घ्यावी. मात्र लाडवाने दूध वाढते की नाही यावर वाद घालण्यापेक्षा, तिला दोन तास सलग झोप मिळाली की नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पूतनामावशीचे प्रेम

एखाद्याने वरवर माया दाखवून अहित साधले की आपण त्याला पूतनामावशीचे प्रेम म्हणतो. डब्यातील दुधाच्या व्यापाराचा विसाव्या शतकातील इतिहास वाचताना हाच वाक्प्रचार आठवतो. गरीब देशांत प्रसूतिगृहांतून डब्यांचा प्रसार झाला. स्वच्छ पाणी नाही, इंधन नाही, डबा पुरवून वापरण्याची सवय. परिणामी अतिसार आणि कुपोषण यांनी बालके दगावली. १९७४ साली ब्रिटनमध्ये या व्यवहारावर झणझणीत अहवाल प्रसिद्ध झाला, १९७७ साली अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्काराचे आंदोलन उभे राहिले आणि १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने अशा उत्पादनांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता संमत केली. ठराव ११८ विरुद्ध १ मतांनी पारित झाला. विरोधातील ते एकमेव मत अमेरिकेच्या शासनाचे होते. विशेष म्हणजे त्याच अमेरिकेत १९५६ साली सात मातांनी एकत्र येऊन 'ला लेचे लीग' ही स्तनपानाला आधार देणारी संघटना सुरू केली होती. बाजार आणि मातृत्व यांचा संघर्ष पूर्व-पश्चिम असा सरळ नाही, हे आपणही ध्यानात ठेवावे.

भारताने या बाबतीत पुष्कळ देशांच्या पुढे पाऊल टाकले. १९९२ साली संसदेने दुग्धपर्याय, बाटल्या आणि शिशुआहार यांच्या प्रचारावर निर्बंध घालणारा कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक करून दोन वर्षांपर्यंतच्या बालकांची उत्पादने त्याच्या कक्षेत आणली. जाहिरात नाही, मातांना मोफत नमुने नाहीत, डब्यावर बाळाचे वा आईचे चित्र नाही, वैद्यकीय व्यावसायिकांना भेटी नाहीत. या चळवळीतील महाराष्ट्राचा वाटाही अभिमानास्पद आहे. देशातील स्तनपान प्रसाराचे राष्ट्रव्यापी जाळे डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे स्थापन झाले.

कायदा असूनही माझ्यासारखा माणूस मध्यरात्री डबा आणतो. कारण कायदा जाहिरात रोखू शकतो, भय रोखू शकत नाही. जेथे जाणता सल्ला नाही तेथे डब्याला जाहिरातीची गरजच उरत नाही.

रुग्णालयाचा दरवाजा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) एक विचित्र चित्र समोर आणले. देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत होत होत्या. पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके होती अवघी ४१.८ टक्के. म्हणजे आई डॉक्टर-परिचारिकांच्या देखरेखीखाली असतानाच पहिला, सुवर्णमोलाचा तास हातचा जात होता. त्याच पाहणीत खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे दिसले. शस्त्रक्रिया आवश्यक तेथे जीव वाचवते, याबद्दल दुमत नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतर बाळ वेगळ्या खोलीत, आई वेगळ्या खोलीत आणि नातेवाईक मार्गिकेत, ही रचना अपरिहार्य नाही. प्रकृती ठीक असल्यास बाळाला शस्त्रक्रियागृहातच आईच्या अंगाला अंग लावून ठेवता येते.

शिशुस्नेही रुग्णालयांची योजना जागतिक स्तरावर १९९१ साली सुरू झाली. केंद्र शासनाने २०१६ साली 'माँ' कार्यक्रम आणला. कागदावर कमतरता नाही. प्रसूतीसाठी नाव नोंदवताना आपण खोलीचे भाडे विचारतो, वातानुकूलनाची चौकशी करतो. पहिल्या तासात बाळ आईजवळ देणार का, रात्री पाजायला मदत करणारे प्रशिक्षित माणूस असेल का, हे दोन प्रश्न किती कुटुंबे विचारतात? ग्राहक विचारू लागला की सेवा बदलते. मध्यमवर्गाच्या हातात हे सामर्थ्य आहे.

आपल्या घरातील हिरकणी

नोकरदार आईचा प्रश्न घरी सुरू होऊन कचेरीत पोहोचतो. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद कायम राहिली. रजा संपल्यावर आई दूध स्वच्छ हातांनी काढून, झाकणाच्या स्वच्छ भांड्यात शीतकपाटात २४ तासांपर्यंत ठेवू शकते आणि घरचे माणूस ते वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने, भांडी उकळून घेऊन, पाजू शकते. त्यासाठी कचेरीत एक आडोशाची खोली आणि वरिष्ठांची थोडी समज एवढेच हवे. राज्यातील बसस्थानकांवर आणि शासकीय कार्यालयांत 'हिरकणी कक्ष' झाले, ही कल्पना उत्तमच. पण एका बसस्थानकावर मी पाहिलेल्या कक्षाला कुलूप होते आणि शेजारच्या बाकावर एक तरुणी पदर सावरत, नजरा चुकवत बाळाला पाजत होती. हिरकणीच्या नावाने बांधलेला दरवाजाही बंदच!

परंतु या साऱ्या तरतुदी ज्यांच्यासाठी आहेत, त्या माता मोजक्या आहेत. बांधकामावर विटा वाहणारी, उसाच्या फडात राबणारी आणि आपल्याच घरी धुणे-भांडी करणारी स्त्री यांना २६ आठवड्यांची रजा कोण देणार? आपल्याकडे काम करणारी बाई बाळंतपणानंतर महिन्या-दीड महिन्याने परत आली की आपण म्हणतो, "बरे झाले बाई, आलीस." तिचे तान्हे त्या वेळी वस्तीवर मोठ्या बहिणीच्या मांडीवर साखरेच्या पाण्यावर असते, हे आपण विचारत नाही. आपल्या लेकीला डिंकाचे लाडू आणि तिला खाडे केल्याबद्दल पगारकपात, हा न्याय हिंदुत्वाच्या कोणत्या व्याख्येत बसतो? समरसतेची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. समरसता म्हणजे तिला तीन-चार महिने पगार चालू ठेवणे. तिने बाळाला बरोबर आणले तर पंख्याखालचा एक कोपरा देणे. आणि काम सोडून दहा मिनिटे ती पाजायला बसली तर घड्याळाकडे न पाहणे. गडाचे दरवाजे येथे आपल्या हातात आहेत.

यशोदाही आईच असते

स्तनपानाचा पुरस्कार करताना एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. काही मातांना खरोखरच दूध पुरेसे येत नाही. काहींना आजारामुळे किंवा औषधोपचारामुळे पाजता येत नाही. काहींचे बाळ दिवस भरण्यापूर्वीच जन्मते. काही माता दत्तक बाळाला उराशी घेतात. अशा आईला अपराधी वाटायला लावणे हे पाप आहे. ज्या समाजाने देवकीइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, यशोदा पूजली, त्याला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्वच्छतेने दिलेले डब्याचे दूध हे अशा बाळाचे औषधच आहे.

यशोदेचे आधुनिक रूपही मुंबईनेच देशाला दाखवले. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. एका आईचे जास्तीचे दूध तपासून, निर्जंतुक करून दुसऱ्या आईच्या अशक्त बाळाला मिळू लागले. देणारी कोणत्या जातीची आणि घेणारे कोणत्या घरचे, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. रक्तदानाची शिबिरे आपण उत्साहाने भरवतो. मातृदुग्धदानाविषयी मात्र आपल्या घरांत अजून चकार शब्द निघत नाही.

दरवाजा उघडायचा कसा

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला. जंतुसंसर्गावरील उपचारांपासून ऊब आणि स्तनपानापर्यंत सारे त्यात होते. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकाने ते जगापुढे मांडले. पुढे २०११ पासून केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत ही गृहभेटीची पद्धत देशभर नेली. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाला तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, असे तिचे वेळापत्रक आहे. म्हणजे दुर्गम पाड्यावरील बाळंतिणीचे दार ठोठावणारे कोणीतरी आहे. शहरातल्या आठव्या मजल्यावरच्या सदनिकेत, सासर-माहेर दोन्ही दूर असलेल्या आपल्या सुशिक्षित मुलीचे दार ठोठावणारे मात्र कोणी नाही.

हे काम शासनाची वाट न पाहता आपण करू शकतो. वस्तीवस्तीत आपला संपर्क आहे, सेविका समितीच्या भगिनी आहेत, मातृमंडळे आहेत. प्रत्येक वस्तीत दोन अनुभवी माता किंवा निवृत्त परिचारिका निवडाव्यात, बालरोगतज्ज्ञांकडून त्यांचे प्रशिक्षण करून घ्यावे आणि परिसरात बाळंतपण झाले की पहिल्या आठवड्यात त्यांची एक भेट ठरलेलीच असावी. हळदीकुंकवाच्या एखाद्या कार्यक्रमात व्याख्यानाऐवजी बाळ कसे धरावे, हे बाहुली घेऊन दाखवावे. समितीच्या संस्थापिका लक्ष्मीबाई केळकर यांना सारे 'मावशी' म्हणत. त्या नावातच या कामाचे सार आहे. पूतनेच्या मावशीपणाला उत्तर द्यायचे, ते अशा खऱ्या मावश्यांनीच.

आणि पुरुषांनी? बाळाची ढेकर काढणे, दुपटी बदलणे, रात्री बाळ उचलून आईजवळ देणे, तिला पाण्याचा तांब्या भरून देणे आणि भेटायला येणाऱ्यांची गर्दी हसतमुखाने परतवून लावणे, ही कामे पित्याची आणि आजोबांची आहेत. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे 'दूध पुरत नाही' हे वाक्य तिच्यासमोर न उच्चारणे. कुटुंब प्रबोधनाचा याहून सोपा पाठ नाही.

माझी नात आता शाळेत जाते. तिला हिरकणीची गोष्ट फार आवडते. मागच्या वेळी कथा संपल्यावर तिने विचारले, "आजोबा, त्या काकांनी दार का नाही उघडलं?" मला उत्तर देता आले नाही. पण तिच्या पिढीला हा प्रश्न स्वतःच्या बाळंतपणात पडू नये, एवढे आपण निश्चित करू शकतो.